काउंटरवरचा तीस

हे खरं आहे. यात जेवढं खोटं बोलायचं होतं, तेवढं दुसऱ्यांनी आधीच बोलून घेतलंय. मी फक्त घडलं ते लिहितेय.

गेल्या मंगळवारी, भर दुपारी, माझ्या मावसभावाला, म्हणजे दादाला, काकांनी एक जुना कॅमेरा दिला.

काका म्हणजे कॅमेरे दुरुस्त करणारे. नात्याचे नव्हेत. पण आठ वर्षं त्यांच्याच दुकानात बसून दादाला हे वेड लागलं होतं. त्याच्याकडे फिल्मचे चाळीस कॅमेरे. एकही त्यांना दाखवल्याशिवाय घेतलेला नाही.

"हा तुलाच शोभेल," काका म्हणाले. "रिकामा आहे. मी स्वतः उघडून साफ केलाय."

दादाने हसत दोन्ही हात पुढे केले. मग कॅमेऱ्यावरचा, काढलेले फोटो मोजणारा काउंटर पाहिला. तीस.

मागचं झाकण उघडलं की तो आकडा शून्यावर येतो. हे काकांनीच शिकवलेलं.

"स्प्रिंग अडकली असेल," काका म्हणाले. "का आता माझीच परीक्षा घेणार, शास्त्रज्ञबुवा?"

दादा ओशाळला. हसत कॅमेरा घेतला, घरी आणून कपाटात ठेवला.

बुधवारी दुपारी तो टेबलाशी नोंदी लिहीत होता. घरात दुसरं कोणी नव्हतं.

बंद कपाटातून आवाज आला...

खट्.

त्याने कपाट उघडलं. काउंटरवर एकतीस.

फिल्म गुंडाळायची चकती त्याने हलकेच फिरवून पाहिली. ताण लागला. म्हणजे... आत फिल्म होती.

ती त्याने काढली. न्हाणीघरात अंधार करून धुतली. पट्टी उजेडात धरली.

एकोणतीस चौकटींत काका. जेवताना, झोपलेले, दुकानात वाकलेले. सगळीकडे पाठमोरे.

आणि काका तर एकटेच राहतात.

तिसाव्या चौकटीत दादा. हसत, दोन्ही हात पुढे केलेला.

एकतिसाव्यात त्याचं टेबल... आणि त्याची पाठ.

त्याने फोन लावला. "काका, तुम्ही उघडलाच नव्हता."



"रोलचे छत्तीस फोटो संपायच्या आत दुसऱ्याला द्यावा लागतो, बाळा. आणि घेणाऱ्याने तो आनंदाने घ्यावा लागतो."

"मग मीच सापडलो?"

"नुसत्या माझ्या शब्दावर दुसऱ्या कोणी घेतला असता?"

काकांनी फोन ठेवला.

फिल्म काढलेला कॅमेरा रात्री शून्यावर होता. सकाळी... बत्तीस.

हे सगळं मला दादानेच सांगितलं. पण रविवारी, फोनवर.

शनिवारी आमच्या घरी आला होता, तेव्हा एवढंच म्हणाला, "घे. कधीपासून मागे लागली होतीस ना? रिकामा आहे."

मी हसत घेतला.

आज काउंटरवर चौतीस आहे.

आणि दुपारपासून मी फोनमधली नावं चाळतेय. माझ्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवणारं कोण कोण आहे, ते बघतेय.