टाचण्या

शहापूरच्या बाजारपेठेमागच्या दोन खोल्यांत भावना ब्लाउज शिवायची. टाचण्या ओठांत धरून काम करायची सवय तिला लग्नाआधीपासूनची. चार वर्षांची भाविका मशीनजवळच चिंध्यांशी खेळत बसायची.

दिवाळीनंतर पोर खोकायला लागली. औषधं झाली, खोकला राहिलाच. शेवटी एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाच्या नळीत टाचणी होती.

ठाण्याच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून ती काढली. घरी येताच भावनाने सगळ्या सुया-टाचण्या डब्यात भरून शेजारच्या शिंप्याला देऊन टाकल्या, मशीनवर चादर टाकली आणि पोरीला घेऊन किन्हवलीला आईकडे गेली. तिथे रोज सकाळी ती अंथरूण, पडवी, अंगण हाताने चाचपून बघायची.

बाराव्या दिवशी भाविका पुन्हा खोकली. या वेळी टाचणी डाव्या नळीत होती.

"ताई, हिच्याजवळ कोण असतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच असते, साहेब. दुसरं कोण नाय."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. बाहेर बाकावर तिचा नवरा जगन खालमानेने म्हणाला, "भावना, खरं काय ते सांग गो."



भाविकाला वॉर्डात नजरेखाली ठेवलं. आईने जवळ जायचं नाही. पेज नर्स भरवायची. काचेच्या दारातून भावनाला फक्त लेकीचे तळवे दिसायचे. पाच दिवस ती तिथेच उभी राहिली.

सहाव्या दिवशी तिसरी टाचणी निघाली.

आता तिच्याकडे कुणी संशयाने बघेना. तेच तिला सोसवेना. तोवर निदान आपलीच चूक म्हणून रडता येत होतं.

मग भाविकाचा श्वासच बारीक झाला. भर दुपारी डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली आणि भावनाला स्वतःहून आत बोलावलं.

"हिचं आधी कुठे ऑपरेशन झालंय?"

"नाय."

त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. श्वासनळीची ओली, गुलाबी भिंत. तिच्यातून पांढरा दोरा गेला होता. खालून वर, सारख्या अंतराने. दोन्ही बाजू एकमेकींना भिडत आल्या होत्या.

"दोरा ओढला की श्वास थांबतो," डॉक्टर म्हणाले.

भावना वाकली. टाक्यांवरून तिची नजर सावकाश वर गेली. शिवणाऱ्याचा हात सराईत होता.

"ही टाचण्यांनंतरची कच्ची शिलाई आहे, साहेब," ती म्हणाली. "पक्की यावरून घालतात."