लिओनार्ड अंकलचा अँप

ही गोष्ट कुणाला खोटी वाटली तर वाटू दे. ज्याच्यासोबत ती घडली तो प्रेम माझा सख्खा आतेभाऊ आहे, ठाकुर्लीला राहतो, आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची त्याने आजवर यथेच्छ टर उडवली आहे.

आता नाही उडवत.

मागच्या डिसेंबरातला रविवार. जागा माजिवड्याची, एका बिल्डिंगच्या तळघरातली प्रॅक्टिस रूम. अमावस्या नव्हती, पिंपळ नव्हता, रात्रसुद्धा नव्हती. भर दुपार होती आणि बाहेर हायवेवर गाड्या तुंबल्या होत्या.

पण आधी थोडं मागचं सांगायला हवं.

प्रेम बेस गिटार वाजवतो. चार जाड तारांची ही गिटार गाण्यात वेगळी ऐकू येत नाही, पण ती नसली की गाणं पोकळ वाटतं. भीमगीतांच्या कार्यक्रमांत प्रेमला बरी मागणी असते. त्याला शिकवलं लिओनार्ड अंकलनी. अंकल ठाण्याचे, खोपटला एसटी डेपोच्या मागे बैठ्या घरात राहायचे. लग्नाच्या बँडमध्ये आणि चर्चमध्ये त्यांनी उभी हयात बेस वाजवला. एका चौदा एप्रिलला प्रेम तापाने फणफणला होता, तेव्हा हे अंकल ठाकुर्लीला येऊन त्याच्या जागी स्टेजवर उभे राहिले होते.

असा माणूस गेला.

मागे राहिल्या त्यांच्या पत्नी जोविटा आंटी, आणि अंकलचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर. कपड्यांच्या छोट्या कपाटाएवढा, जुना, जड. अंकल गेले त्या आठवड्यापासून तो सुरूच होईना.

आंटींनी प्रेमला बोलावून घेतलं.

"तू दुरुस्त करून आण रे बाबा," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काय नको. एकदा तो आवाज ऐकायचाय. लिओ वाजवायचा ना, तेव्हा किचनमध्ये भांडी थरथरायची. मी ओरडायचे त्याच्यावर. आता भांडी गप्प आहेत."

प्रेमने टेम्पोतून अँप घरी आणला. मागची फळी उघडली. आतला फ्यूज उडाला होता, बस्स. नवा बसवला आणि लाल दिवा लागला.

त्याच संध्याकाळी त्याने आंटींना फोन करायला हवा होता.

त्याने केला नाही.

कारण होता एक ग्रुप. ठाणे ते कल्याणच्या बेसवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. त्यात दर रविवारी एकाची पाळी. आपला अँप मांडायचा, फोटो टाकायचा, कुठलं बटण किती फिरवलंय ते सांगायचं आणि त्याच सेटअपवर वाजवलेली क्लिप टाकायची. मग बाकीचे चर्चा करणार. नियम एकच, सेटअप स्वतःचा हवा. उसना चालणार नाही.

प्रेमचा स्वतःचा अँप जेवणाच्या डब्याएवढा. दोनदा पाळी आली, दोनदा त्याने आजारी असल्याचं सांगून टाळली. ग्रुपमधल्या कुणी त्याला कधी हिणवलं नव्हतं. लाज त्याची त्यालाच वाटत होती. आणि आता घरात हा असा अँप उभा!

त्याने फोटो काढला. खाली लिहिलं, "माझा."

आंटींचा फोन आला तेव्हा म्हणाला, "पार्ट मिळत नाहीये आंटी, शोधतोय."

"तू किती करतोस रे माझ्यासाठी," आंटी म्हणाल्या.

प्रेमने फोन ठेवला आणि क्लिप टाकली. साधीच चाल होती, त्याला जमणारी.

थोड्याच वेळात ग्रुप पेटला.

"भाई, एक नंबर!"

"खालून दुसरी लाईन चाललीय ना, ती काय वाजवलीयस यार!"

दुसरी लाईन? म्हणजे सोबत चालणारी दुसरी सुरावट?

प्रेमने क्लिप पुन्हा ऐकली. हेडफोन लावून ऐकली. आवाज चढवून ऐकली...

एकच बेस होता. त्याचा स्वतःचा.

ग्रुपमधली समीक्षा हुशार मुलगी, कान तयार. तिने व्हॉइस नोट पाठवली. "अरे, हीच ना ती लाईन?" असं म्हणून तिने ती गुणगुणून दाखवली.

प्रेमने ती नोट पुन्हा लावली.

ती लाईन त्याला ऐकून ऐकून पाठ होती. लग्नाचा कार्यक्रम संपताना अंकल दर वेळी शेवटी तीच वाजवायचे. त्यांची त्यांनीच बसवलेली. प्रेमने ती स्वतः वाजवायला कितीदा मागितली होती, आणि अंकल हसून म्हणायचे, "ही माझी आहे रे. तू तुझी शोध."

समीक्षाला ती कुठून माहीत असणार? तिने अंकलना कधी पाहिलंही नव्हतं.

इथे एखादा शहाणा माणूस अँप उचलून खोपटला गेला असता. आमच्या प्रेमने काय करावं? त्याने ग्रुपवर लिहिलं, "हो, दोन ट्रॅक केलेत. दुसरी लाईन माझीच."

जे वाजवलं नाही, जे ऐकूही आलं नाही, ते त्याने आपल्या नावावर घेतलं. हे मला सांगताना तो भिंतीकडे बघत होता.

ग्रुपचा अॅडमिन ऑलिव्हर. माजिवड्याची रूम त्याचीच. तो म्हणाला, "रविवारी अँप घेऊन ये ना, समोर ऐकू आम्ही." नाही म्हणायला प्रेमला कारण सुचलं नाही.

तर तो रविवार.

खोलीत ऑलिव्हर होता, समीक्षा होती आणि कल्याणचे रघुकाका, ग्रुपमधले सगळ्यात वडील. चौघांनी मिळून अँप उतरवला. रघुकाकांनी लाकडावरून हात फिरवला. "जपलेला दिसतोय," ते म्हणाले. प्रेमने मान खाली घातली.

लाल दिवा लागला. प्रेम स्टुलावर बसला आणि वाजवायला लागला.

नेहमीचीच चाल. नेहमीचाच आवाज. त्यात विशेष काही नव्हतं.

मध्येच त्याचं बोट चुकलं. चाल तुटली. आता हसणार हे, असं वाटून त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि वर पाहिलं.

कुणी हसत नव्हतं...

तिघांचे डोळे मिटलेले होते. तिघांच्या माना एकाच ठेक्यावर हलत होत्या.

"वा," रघुकाका पुटपुटले. "क्या बात आहे."

प्रेमला फक्त एसीची घरघर ऐकू येत होती.

त्याचे हात मांडीवरच होते.

समीक्षाने डोळे उघडले. आधी तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हातांकडे.

"प्रेम... तू वाजवत नाहीयेस?"

ऑलिव्हर ताडकन उठला. "फोनवरून ट्रॅक लावलास काय रे? चीटिंग करतोस?" त्याने अँपमधून केबल खेचून काढली.

आणि तसाच उभा राहिला, केबल हातात धरून.

"काय झालं?" प्रेमने विचारलं. "काय ऐकू येतंय तुम्हाला?"

ऑलिव्हरने बटण बंद केलं. लाल दिवा विझला. मग त्याने भिंतीतला प्लगही काढला. तिघं भिंतीला टेकून अँपकडे बघत होते आणि रघुकाकांचा पाय अजून ठेका धरत होता, त्यांच्याही नकळत.

"प्रेम," रघुकाका हळूच म्हणाले, "खरं सांग बाळा. हा अँप कोणाचा आहे?"

एवढी सोपी संधी. एक नाव घ्यायचं होतं फक्त.

पण समोर समीक्षा होती. ऑलिव्हर होता. आठवडाभर ज्यांनी त्याचं कौतुक केलं, ती माणसं होती.

"माझाच आहे," प्रेम म्हणाला.

तिघंही एकदम दचकले. समीक्षाने कानांवर हात दाबले.

प्रेमला काहीच ऐकू आलं नाही. पण फरशी हादरली. चपलेतून, तळव्यांतून, थेट पोटापर्यंत ती थरथर त्याला जाणवली...

मग तीही थांबली.

"गेला," समीक्षा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू असं का बोललास? किती छान वाजवत होता तो."

अँप परत टेम्पोत चढवायला तिघांनी हात लावला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं प्रेमला वाटलं.

टेम्पो ठाकुर्लीला गेला नाही. सरळ खोपटला गेला.

आंटी दारातच होत्या. अँप बघून त्यांचा चेहरा असा उजळला की प्रेमला त्यांच्याकडे बघवेना. सगळं सांगायचं त्याने वाटेत ठरवलं होतं. पण म्हटलं, आधी आवाज ऐकू दे त्यांना. मग सांगू.

अँप त्याच्या जुन्या जागी ठेवला. आंटींनी केस नीट केले, एप्रन काढून ठेवला आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

लाल दिवा लागला.

प्रेमने पहिली तार छेडली, आणि...

आवाज आला. खोल, भरलेला, गोल. प्रेमचं बोट त्या तारेवर थांबलेलंच होतं, पण लाईन पुढे चालू लागली. तीच. लग्नाच्या शेवटची. या खेपेला प्रेमला ती लख्ख ऐकू येत होती, एकेक सूर, दोन सुरांमधली अंकलची ती जराशी थांबायची सवयसुद्धा. तो रडायलाच लागला. माफी मिळाली असं वाटलं त्याला.

"आंटी..." तो वळला.

आंटी त्याच्याकडेच बघत होत्या. वाट बघत होत्या.

"लाईट तर लागली," त्या म्हणाल्या. "आवाज कधी येतो रे?"

प्रेमने आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं.

आंटी खुर्चीतून उठल्या. गुडघ्यांवर बसल्या. अँपच्या जाळीला त्यांनी कान लावला. आतून अंकल जीव ओतून वाजवत होते आणि किचनमध्ये भांडी थरथरत होती, प्रेमला स्पष्ट ऐकू येत होती.

"डेपोच्या बसचाच आवाज येतोय," आंटी म्हणाल्या. "हे तर काहीच नाही वाजत."

काय सांगणार होता तो? की परक्या माणसांना ऐकवून झालं? की मला ऐकू येतंय आणि तुम्हाला नाही?

"नाही आंटी," तो म्हणाला. "नाही झाला दुरुस्त."

आंटी त्याच्या हाताला धरून उठल्या.

"असू दे. तू एवढी धावपळ केलीस माझ्यासाठी, तेच खूप आहे. लिओ बोलायचा, प्रेम माझा मुलगाच आहे."

प्रेमने आजपर्यंत त्यांना खरं सांगितलेलं नाही. ग्रुप त्याने सोडला. बाकीच्या तिघांनीही हा विषय पुन्हा काढला नाही. असं का झालं, बायकोलाच का ऐकू आलं नाही, हे मला विचारू नका. मी प्रेमलाही विचारत नाही.

तो दर रविवारी खोपटला जातो. आंटींना भाजी नेऊन देतो, गॅसचं बघतो. अँपला कुणी हात लावत नाही, प्लगही काढून ठेवलाय.

पण गल्लीत शिरल्यापासूनच त्याला अंकलची ती लाईन ऐकू यायला लागते... दाराशी पोचेपर्यंत वाढत जाते.

मग आंटी दार उघडतात.

"ये रे बाबा," त्या म्हणतात. "बरं झालं आलास. घर कसं अगदी गप्प झालंय बघ."

आणि प्रेम म्हणतो, "हो आंटी."