कच्ची खळ

ढब्बूने एक डोळा मिटून नेम धरला आणि गोटी मारली. ती समोरच्या गोटीला लागली आणि तिचाच भुगा झाला.

"टिटवे, या गोट्या तू वळल्यास ना?"

टिटवीनेच वळल्या होत्या. सुट्टीत मामाकडे आली की ती, मामेभाऊ ढब्बू आणि त्याची धाकटी बहीण भिंगरी राखेत पीठ शिजवून केलेली चिकट खळ मळून गोट्या वळत आणि पत्र्यावर वाळवत. सुट्टीच्या सुरुवातीच्या गोट्या अजून दगडासारख्या टणक होत्या. परवाच्या मात्र नुसत्या दाबल्या तरी फुटत होत्या. दोष टिटवीच्या हाताचा, असं ढब्बूने जाहीर करून टाकलं. भिंगरीने मान डोलावली.

टिटवीला मात्र भीती वाटली. एवढ्यातेवढ्यावरून ती घाबरायची, म्हणून तर तिला टिटवी म्हणत. पण ही खळ मामाच्या कारखान्यातून उरलेली होती, आणि मामा शोभेची दारू बनवायचा. दारूच्या भुकटीत हीच खळ घालून तो रंगीत गोळ्या वळायचा. त्यांना तो तारे म्हणायचा. तारे भरलेला गोळा नळकांड्यातून आकाशात उडाला की एकेक तारा शांतपणे जळतो. पण तारे आतच फुटून त्यांची भुकटी झाली, तर सगळी एकदम पेट घेते आणि गोळा नळकांड्यातच फुटतो. मामाने पहिल्याच दिवशी हे सांगून मुलांना कारखान्याभोवतीच्या तांबड्या दोरीच्या अलीकडे थांबायची तंबी दिली होती.

आज संध्याकाळी तळ्याकाठी आतषबाजी होती. गोळे मामा स्वतः पेटवणार होता.

"खळ कोण करतं रे?" टिटवीने विचारलं.

"तुझा धाकटा मामा. मागच्या खोलीत."

तिघं मागच्या खोलीत गेली. ही खोली दोरीच्या अलीकडे होती. खळीचं पातेलं पालथं घातलेलं होतं, आणि लख्ख होतं. खळ शिजवली की तळाला जाड खरपुडी धरते, ती खरवडताना मामीचे हात भरून येतात, हे ढब्बूने किती वेळा पाहिलं होतं. भिंगरी वाकून शेगडीकडे बघत होती. "इथे कोळ्याने घर केलंय," ती म्हणाली.

शेगडीच्या तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळं विणलेलं होतं. म्हणजे ती दोन-तीन दिवस पेटलीच नव्हती. ढब्बूचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

धाकटा मामा दोरीपाशी खोकी मोजत होता. टिटवीने त्याला हळूच विचारलं, खळ शिजवतोस ना? त्याने आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मग हसून उडवून लावलं. शेगडी बिघडलीय, पीठ थंड पाण्यात कालवलं तरी पांढरंच दिसतं, पिठाला काय कळतंय? मोठ्या माणसांच्या कामात नाक खुपसू नका, आणि दादाला आत्ता हाक मारायची नाही, तो गोळे बांधतोय.

गोळे बांधतोय! दोरी ओलांडायची सोय नव्हती. मामी बाजारात गेली होती. उरली होती ती दोरीलगतच्या खांबावरची पितळी घंटा. ती वाजली की आतल्या सगळ्यांनी हातातलं काम ठेवून बाहेर यायचं. ती फक्त खऱ्या धोक्याला वाजवायची. आपला अंदाज चुकला तर? सगळे हसतील, मामा पुन्हा सुट्टीला बोलावणार नाही. आणि अंदाज बरोबर असून आपण गप्प बसलो तर?

तिने ढब्बूकडे पाहिलं. त्याने भिंगरीच्या कानात काहीतरी सांगितलं. भिंगरीने लगेच स्वतःचा पाय धरून असा गळा काढला की धाकटा मामा खोकी टाकून तिच्याकडे धावला. ढब्बू मध्येच उभा राहिला. टिटवीने डोळे मिटून घंटेचा दोर ओढला.

घंटेच्या आवाजाने आवार दणाणलं. मामा आणि त्याचे दोघे कारागीर धावत बाहेर आले. धूर नाही, आग नाही, नुसती तीन पोरं. मामाच्या कपाळावरची शीर ताठ झाली.

टिटवीने एक गोटी मामाच्या हातावर ठेवली आणि ती म्हणाली, "दाब."

त्याने दाबली. बोटांतून राख गळली.

"ही परवाच्या खळीची आहे, मामा. शेगडीवर कोळ्याचं जाळं आहे."

मामा धाकट्या भावाकडे बघत राहिला. धाकट्याने मान खाली घातली. मामा एकटाच आत गेला. भिंगरी रडायचं सोंग विसरून दाराकडे बघत होती. मामा आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. परवापासूनचे सगळे तारे कडेने झडत होते. ते भरलेला एकही गोळा उडवायचा नाही, असं त्याने कारागिरांना बजावलं.

संध्याकाळी तळ्याकाठी मागच्या महिन्याचे थोडेच गोळे उडाले. मामा वात पेटवून मागे सरला की टिटवीचा श्वास अडकायचा, आणि वर निळे तारे उमलले की सुटायचा. लोक म्हणाले, यंदा लवकर आटोपलं. धाकटा मामा गर्दीत कुठेच नव्हता. तो घरी बिघडलेली शेगडी उघडून दुरुस्त करत बसला होता.

परतताना मामाने टिटवीच्या खांद्यावर हात ठेवला.

"घंटा वाजवताना भीती वाटली?"

"खूप."

"मला ती गोटी फुटल्यावर वाटली," मामा म्हणाला. "तुम्ही तिघांनी आज मला घरी आणलंत."

ढब्बू पुढे चालता चालता थांबला आणि म्हणाला, "टिटवीच्या हाताचा दोष नव्हता, हे मी मान्य करतो."