ढब्बूच्या आठवणींवर भुंगा

सकाळी ढब्बूने ऋजुताला दारातच अडवलं आणि अदबीने विचारलं, "आपण कोण? कुणाला भेटायचंय?"

ढब्बू म्हणजे घरचा रोबो. ऋजुता रांगत होती तेव्हापासून तिच्या मागे धावणारा. तिला वाटलं, ही नलूआत्याचीच करामत. आत्या मोठी शास्त्रज्ञ होती खरी, पण परवाच तिने ढब्बूला पढवून बाबांच्या चहात मीठ टाकायला लावलं होतं.

"आत्या, पुरे हं! नीट कर त्याला."

"देवाशप्पथ, या वेळी मी नाही गं!"

आत्याचा चेहरा खरंच गंभीर होता. ऋजुता घाईने ढब्बूकडे वळली. "ढब्बू, आपण पतंग बनवला होता, आठवतो?"

"पतंग आठवतो. निळा होता. सोबत कोण होतं, ते सापडत नाही."

"काल काय उद्योग केलेत दोघांनी?" आत्याने विचारलं.

"तुझा जुना खेळ टाकला याच्यात. भुंग्याची शर्यत."

आत्याने कपाळावर हात मारला. "अगं, तो माझ्या लहानपणीच्या कॉम्प्युटरसाठी बनवलेला. ढब्बूची भाषा त्याला कुठून कळणार? म्हणून मध्ये दुभाषा बसतो (एका जातीच्या मशीनचा प्रोग्रॅम दुसऱ्या जातीच्या मशीनवर चालवून देणारा प्रोग्रॅम). खेळ म्हणतो, माझ्या कपाटात स्कोअर लिही. दुभाषा बिचारा ढब्बूचंच कपाट पुढे करतो."

"आणि त्यात आठवणी!"

"तेच तर. खेळ चोर नाही. त्याला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत. मग काय, बिनधास्त पुसतो नि लिहितो."

"ढब्बूने अडवलं का नाही?"

"कारण खेळ ढब्बूच्याच नावाने चालतो. ढब्बूचा हात जिथे पोचतो, तिथे त्याचाही. अजून दोन-चार डाव झाले, की पतंगही गेला."

"मग काढून टाक तो खेळ!" ऋजुता रडवेली झाली.

"छ्या! तुला हरवायचं राहिलंय माझं. आपण सक्तीचा पहारा बसवू (कुणी कशाला हात लावायचा याचे असे नियम, जे खुद्द मालकालाही मनात आलं म्हणून मोडता येत नाहीत)."

हा पहारा बसतो ढब्बूच्या गाभ्यात (सगळे प्रोग्रॅम ज्याच्या जिवावर चालतात तो मूळ भाग). तिथे प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी चिकटवलेली असते. भुंग्यावर 'खेळ', आठवणींवर 'आठवण'. कुणी काही मागितलं, की पहारा दोन्ही चिठ्ठ्या बघतो. नियमात बसलं तर हो. नियमच नसेल तर सरळ नाही.

पण खेळाला खरोखर काय काय लागतं, ते कसं कळणार? आत्याने टेबलावरच्या एका रिकाम्या यंत्रात खोट्या आठवणी भरल्या. 'बाबा फार सुंदर गातात' ही त्यातली पहिली! मग तिथे शिकाऊ पहारा लावला (जो अडवत नाही, फक्त टिपून ठेवतो) आणि दोघी खेळल्या. पहाऱ्याने टिपलं: पडदा, आवाज, बटणं, आठवणींचं कपाट.

"झालं! सगळ्याला हो म्हणून टाकू?" आत्याने डोळे मिचकावत विचारलं.

"थांब! मागितलं म्हणजे लागतंच असं थोडंच आहे?" ऋजुताने कपाट खोडलं. "स्कोअर लिहायला त्याला वेगळा रिकामा डबा दे."

"शाब्बास! मी गप्प बसून बघत होते, फसतेस का ते."

नियम ढब्बूच्या गाभ्यात गेले. खेळ सुरू झाला. भुंगा थेट आठवणींच्या कपाटाकडे वळला.

पहारा म्हणाला, "नाही."

ढब्बू पडला भोळा. "येऊ द्या हो त्याला! माझंच कपाट आहे. माझी परवानगी आहे."

"ढब्बू, नको!" ऋजुता किंचाळली.

"नाही," पहारा पुन्हा म्हणाला.

"अहो, मी मालक आहे!"

"नाही."

आत्या पोट धरून हसली. "म्हणून तर सक्तीचा! नियम बदलायचा तर आधी ढब्बूला बंद करावं लागेल, मग माझी किल्ली लावावी लागेल."

भुंग्याने मुकाट्याने नव्या डब्यात स्कोअर लिहिला. कपाटातली एकही आठवण हलली नव्हती. ऋजुताने सुटकेचा निःश्वास सोडला.

"आत्या, उद्या दुसऱ्या ग्रहावरून एखादा खेळ आला तर?"

"आधी त्याचा दुभाषा शोधू. पहाऱ्याचे नियम तू लिही. जमतंय तुला."

ऋजुता खुशीत ढब्बूसमोर मांडी घालून बसली. पुसलेलं परत भरायचं होतं. "लिही ढब्बू. मी ऋजुता. पतंगाची शेपटी मी लावली होती."

"आणि ही आत्याकडून प्रत्येक डाव हरते," मागून आत्याचा आवाज आला.

"ए, ते नाही लिहायचं!"

"लिहिलं," ढब्बू म्हणाला.