जाळीमागचा कीपर

सौदीत परदेशी कामगार कमी करणारा निताकत कायदा लागू झाला त्या वर्षी अल खफजीच्या कॅम्पातली कोकणी माणसं भराभर घरी गेली. उरले नऊ. तेही गुडघेदुखीच्या केरूला धरून.

फिलिपिनो टीमच्या जोजोने नेमका तोच मोका साधला. म्हणाला, "क्रिकेट खलास. आता बेसबॉल. जिंकेल त्याचा शुक्रवारचा टीव्ही हॉल, वर्षभर."

हर्णैचा वेल्डर कादिर मुकादम तापट माणूस. तो "यल्ला, चला!" म्हणून मोकळा झाला. बेसबॉल कसा खेळतात, ते त्याने नंतर विचारलं.

समुद्राकडच्या कुंपणालगत जपानी इंजिनियरांनी कधीकाळी आखलेलं मैदान होतं. त्यांचंच जुनं सामान स्टोअरमधून निघालं. चेंडू टाकणार कादिर. बॅटवाल्याच्या मागे बसून तो झेलणार केरू, तोंडाला लोखंडी जाळी आणि छातीपोटाला गादी बांधून.

"कादिरभाई, मला कीपर केलंय की गाठोडं?" केरू जाळीतून कुरकुरला.

पंच होता नबील, अमेरिकेत शिकून आलेला नवा सौदी सुपरवायझर. कादिरचा पहिला चेंडू नबीलच्याच पाण्याच्या बाटलीला लागला. पुढचे वाळूत गेले. पहिल्या डावात फिलिपिनोंना कसंबसं शून्यावर रोखलं. मग केरू पोट धरून बराकीकडे पळाला. सकाळची बिर्याणी.

कादिर पुन्हा चेंडू टाकायला आला तेव्हा जाळी लावलेला कीपर जागेवर बसलेला होता.

आता कुरकुर बंद होती. गुडघ्यांच्या मधून त्याने एक बोट दाखवलं, मग खाली वळवलं. कादिरने चेंडू खाली टाकला. जोजोची बॅट हवेत फिरली.

दोन बोटं. बाहेर. पुढचा चेंडूही हुकला.

"वा रे केरू!" कादिर ओरडला. उत्तर आलं नाही. चेंडू परत आला तो गार. भर उन्हात, फ्रीजमधून काढल्यासारखा. ओलसरही. कादिरने तो पँटला पुसला आणि पुढचं बोट बघितलं.

केरूची बॅटिंगची पाळी आली तेव्हा तो दिसला नाही. "पोट!" म्हणून सगळे हसले. नबीलने त्याला बाद धरलं. पाळी संपली आणि जाळी पुन्हा जागेवर दिसली.

एकुलती एक धाव कादिरच्या टीममधल्या हाशिरने काढली, क्रिकेटच्या सवयीने बॅट काखेत घेऊन, सगळे "फेक ती!" म्हणून ओरडत असताना. फिलिपिनोंना शेवटपर्यंत शून्य. जोजोसकट सगळे बॅट फिरवायचे आणि दचकून मागे बघायचे.

जिंकल्यावर कादिर केरूला मिठी मारायला धावला. वाळूत जाळी आणि गादी नीट ठेवलेली होती. माणूस नव्हता.

केरू खोलीत सापडला, चादर गुंडाळून.

"काय खेळलास रे!"

"मस्करी करू नको, भाई. गेलो तो गेलोच. जाळी संडासाबाहेर टांगली होती, ती पण कोणी नेली."

"मग कीपिंग कोणी केली?"

"हाशिरने केली असेल."

हाशिर दारातच उभा होता. "मी? मी तर पहिल्या बेसवर होतो. सगळ्यांनी बघितलंय."

केरूने पाय चादरीत ओढून घेतले.

तेवढ्यात टीव्ही हॉलची चावी द्यायला जोजो आला. चेहरा उतरलेला.

"तुमचा कीपर चांगला," तो मोडक्या हिंदीत म्हणाला. "पण हे बरोबर नाही. बॅट उचलली की मागून हळूच नाव घ्यायचा. घरचं नाव. माझी आई घ्यायची ते. इथे कोणाला माहीत नाही."

कादिरचा हात चावीवर तसाच राहिला. "आणखी काय म्हणाला?"

"काही नाही. शेवटी एवढंच विचारलं, चेंडू टाकणारा कुठल्या खोलीत झोपतो."

"मग?"

"सांगितलं की," जोजो म्हणाला. "तुमच्याच टीमचा ना तो?"