सतरावी चिठ्ठी

प्रश्नपेटीत सतरा चिठ्ठ्या पडल्या, सतराच निघाल्या, आणि तरीही मागच्या रांगेतली बाई म्हणत होती की तिची चिठ्ठी चोरीला गेली.

"तीन वर्षांपूर्वी भावानं घरपट्टीचा कागद म्हणून हक्कसोडपत्रावर सही घेतली," ती रेकॉर्डबाईंना हळूच म्हणाली. "मला कळलं दोन महिन्यांपूर्वी. आता महिनाअखेर घर सोड म्हणतो. दावा लावायची तीन वर्षांची मुदत गेली म्हणतो. खरंच गेली का, एवढंच विचारलं होतं मी."

"भाऊ कोण?"

"नाव सांगायचं असतं तर चिठ्ठी कशाला लिहिली असती?"

रेकॉर्डबाईंनी एकतीस वर्षं कोर्टाचे कागद सांभाळले होते. निवृत्तीनंतर वाचनालयात दर महिन्याला होणाऱ्या या 'कायदा सर्वांसाठी' कार्यक्रमात त्या चिठ्ठ्या वाटायच्या आणि मोजायच्या. कार्यक्रम त्यांना मनापासून फालतू वाटायचा. फलकावर कायद्यापेक्षा वकीलसाहेबांचा फोटो मोठा. लोक यायच्या आधीच साहेबांनी शाळेच्या चाळीस मुलींकडून उत्तरं घोकून घेतली होती. "फसवणुकीत मुदत कधीपासून?" "फसवणूक कळल्यापासून!" अर्थ एकीलाही ठाऊक नव्हता, त्यांच्या मास्तरांना तर नाहीच.

रेकॉर्डबाईंनी ग्रंथपाल, मास्तर आणि वकीलसाहेब या तिघांना ग्रंथपालांच्या खोलीत गोळा केलं.

"पेटीची किल्ली कुठे असते?"

"इथंच, खिळ्यावर," ग्रंथपाल म्हणाले.

"म्हणजे कुलूप शोभेचं. चहाच्या सुट्टीत पेटी इथंच होती. तेव्हा इथं कोण आलं?"

"मी आलो, मास्तर आले, वकीलसाहेब आले. एकेकटेच."

रेकॉर्डबाईंनी चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. सोळा चिठ्ठ्या चुरगळलेल्या, कडेपासून कडेपर्यंत भरलेल्या. सतराव्या चिठ्ठीवर वाकड्यातिकड्या अक्षरात एकच ओळ होती, 'सदोष वस्तूची तक्रार कुठे करावी?' डावीकडे दोन बोटं जागा कोरी, आणि घडी उभी.

"तिघांनी एकेका कोऱ्या चिठ्ठीवर लिहा, 'मी पेटीला हात लावला नाही.' सही करा."

"हस्ताक्षर जुळवणार?" वकीलसाहेब हसले. "बाई, तज्ज्ञ लागतो त्याला."

"लिहा तर खरं."

ग्रंथपालांनी अगदी कडेला चिकटून मुंगीएवढं लिहिलं. उरलेला कागद वाचवायची त्यांची खोड होती. मास्तरांची ओळ फळ्यावरच्यासारखी घसरत थेट टेबलावर गेली. वकीलसाहेबांनी झोकात लिहिलं, चिठ्ठीची उभी घडी घातली आणि पुढे सरकवली.

रेकॉर्डबाईंनी ती उलगडून सतराव्या चिठ्ठीशेजारी ठेवली. डावीकडे दोन बोटं जागा कोरी होती.

"अक्षर बदललंत साहेब, समास तसाच राहिला. तळहाताएवढ्या चिठ्ठीला एवढा समास कोण सोडतं? ज्याचा प्रत्येक कागद फाइलला शिवला जातो तो. घडीही अर्जाची. मी चिठ्ठ्या मोजते हे तुम्हाला ठाऊक. एक कमी पडली असती तर बोंब झाली असती, म्हणून एक काढून एक घातलीत. त्या दोघांना ही अक्कल सुचली नसती."

ग्रंथपालांना हे कौतुक वाटलं असावं. त्यांनी मान डोलावली.

"मी कशाला हा उद्योग करेन?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"कारण सोळा अनोळखी अक्षरांत एक तुमच्या ओळखीचं होतं. मागच्या रांगेतल्या बाई तुमच्या कोण?"

दाराशी उभ्या असलेल्या बाईनंच उत्तर दिलं.

"मोठी बहीण. याला शिकवायला मी शाळा सोडली होती."

रेकॉर्डबाईंना त्या माणसाची किळस आली. कोर्टात चोर पुष्कळ पाहिले होते, पण त्यांतला एकही दर महिन्याला हार घालून घेत नसे.

"पुरावा काय?" वकीलसाहेब अखेर म्हणाले. "समास? कोर्टात टिकेल?"

"कोर्टाचं कोर्टात बघू. खिशातली चिठ्ठी राहू दे तुमच्याकडेच. ताईंना प्रश्न पाठ आहे."

त्यांनी ताईंना व्यासपीठावर नेलं आणि माइक हातात दिला. वकीलसाहेब मागोमाग धावत आले, पण सभागृह भरलेलं, फलकावर त्यांचाच हसरा फोटो. तिथं माइक हिसकावणं शोभलं नसतं.

"माझ्या भावानं फसवून माझी सही घेतली," ताई म्हणाल्या. "तीन वर्षं झाली. मला कळून दोनच महिने झालेत. मुदत कधीपासून धरायची?"

चाळीस मुली सवयीनं ताडकन उभ्या राहिल्या.

"फसवणूक कळल्यापासून!"

टाळ्या पडल्या. ताईंनी माइक खाली ठेवला आणि भावाकडे पाहिलं.

"छान शिकवतोस रे," त्या म्हणाल्या. "सोमवारी दावा लावते."