एकाच पातेल्यातले मासे

चौकीतला फोन वाजला तेव्हा इन्स्पेक्टरबाई बूट काढून पाय चोळत बसल्या होत्या.

"सासूने माझ्या बहिणीला विष घातलंय! उलट्या थांबत नाहीत तिच्या. लवकर या!"

बूट पुन्हा पायात गेले. दमायलासुद्धा या नोकरीत सवड नव्हती.

घरासमोर शेजारी जमले होते आणि त्यांनी निकाल देऊनही टाकला होता. सासू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली. सासरे खुर्चीत, मान खाली. मुलगा आणि फोन करणारा सुनेचा भाऊ दवाखान्यात तिच्या उशाशी होते.

"मावशी, जेवायला काय होतं?"

"तळ्यातले मासे. हे पकडून आणतात. एकाच पातेल्यातलं आम्ही चौघांनी खाल्लं."

"आणि त्रास तिला एकटीलाच?"

"म्हणून तर सगळे मला खाऊ की गिळू करतायत. आमचं पटत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण म्हणून मी जीव घेईन का हो तिचा?"

बाईंनी डबे हुंगले, पातेलं पाहिलं. ओट्यावर मासे कापायची फळी होती, चारही कोपऱ्यांत खिळ्यांची भोकं. मागच्या पायरीखाली मांजर निपचित पडलं होतं.

"याने काय खाल्लं?"

"माशांची आतडी. साफ करताना हे टाकतात त्याला."

"काळीजही?"

"छे! ते सुनेचं. ती रोडावलीय म्हणून हे स्वतः तिच्या ताटात वाढतात."

बाईंनी डॉक्टरांना फोन लावला. बराच वेळ नुसतं ऐकलं. मग येऊन फळी उलटी केली. खरवडलेल्या निळ्या रंगात अजून वाचता येत होतं: ‘पाणी दूषित. या तळ्यातील मासे खाऊ नयेत.’

"पाण्यावर विषारी शेवाळ चढलं की ते विष माशाच्या काळजात आणि आतड्यांत साठतं. मांसात त्या मानाने कमी. शिजवूनही जात नाही. म्हणून तुम्ही तिघं निभावलात, तिला आणि मांजराला भोवलं." बाई खुर्चीकडे वळल्या. "काका, तळ्यावरची ही पाटी तुम्हीच काढलीत ना?"

सासऱ्यांनी होकारार्थी मान हलवली. "रिटायर झाल्यापासून या घरात माझं म्हणून काय येतं? हे चार मासे. सून त्याच वाटेने कामाला जाते. पाटी वाचली असती तर तिने हात लावला नसता. आणि माझ्या माशांचं कौतुक करणारी ती एकटीच."

"उलट्या सुरू झाल्या तेव्हा कळलं नाही?"

"कळलं."

"डॉक्टर इतका वेळ उंदराचं विष समजून औषध देत होते, काका! आता खरं काय ते समजलंय त्यांना, पण खात्री देत नाहीत."

बाईंना संताप यायला हवा होता. आला तो नुसता शीण. त्यांनी हवालदाराला तळ्यावर पिटाळलं, आणखी कुणी गळ टाकून बसलेलं असेल म्हणून.

सासू भिंतीला धरून उठली.

"मघापासून लोक मला नाही नाही ते बोलतायत. तुम्ही इथंच बसून ऐकत होतात."

"अगं, मला..."

"तिच्या भावाला तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर."

दवाखान्यात न्यायला बाईंनी दोघांसाठी जीपचं मागचं दार उघडलं. सासरे चढले आणि बायकोसाठी जागा करून सरकले. ती पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.